टर्बोचं प्रेशर, पंपाचं डिझेल आणि घाटातला काळा धूर

तुमचा प्रश्न होता, घाटात गाडी काळा धूर का सोडते. तुमची गाडी 2.5 लिटरची टर्बो डिझेल, इंजिनाला मोजून डिझेल देणारा पंप बॉशचा व्हीई रोटरी. चढाला दम नव्हता म्हणून मेकॅनिकने पंपाच्या मागच्या स्क्रूने, म्हणजे फुल लोड स्क्रूने, डिझेल वाढवलं. आता आंबेनळी घाटात खालच्या आरपीएमला काळा धूर, आणि महाबळेश्वर जवळ आलं की जास्तच. माझ्या मते मूळ दोष तसाच राहिलाय आणि त्याच्यावर डिझेल ओतलं गेलंय.

हिशोब असा. बूस्ट, म्हणजे टर्बोने हवा दाबून वाढवलेलं प्रेशर, नसताना या इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये ढोबळमानाने 0.6 ग्रॅम हवा जाते. धूर न होता जळायला एका ग्रॅम डिझेलला 20 ग्रॅम हवा धरली, तर एका मारात 30 मिलिग्रॅम डिझेल पुरे. 0.8 बार बूस्ट आणि ती दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर असला की तेच 48च्या आसपास जातं. हा फरक सांभाळतो पंपाच्या डोक्यावरचा गोल डबा, म्हणजे एलडीए. आत डायफ्राम (लवचिक पडदा), त्याच्या वर मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा, खाली स्प्रिंग. बूस्ट आला की डायफ्राम खाली दबतो आणि त्याला जोडलेली निमुळती पिन खाली सरकते. तिच्या उताराला टेकलेली आडवी पिन आत जाते, डिझेलचं माप ठरवणारा लिव्हर मोकळा होतो, डिझेल वाढतं.

म्हणून धूर नाही आणि ताकदही नाही, तर आधी डायफ्राम फाटलाय का, डब्याला हवा आणणारा होज तडकलाय का, होजच्या जोडाच्या पोकळ बँजो बोल्टचं भोक काजळीने बुजलंय का, हे बघायचं. होज काढून गेज लावलेल्या हातपंपाने डब्याला 0.8 बार द्या. काटा जागेवर थांबला पाहिजे. कॉम्प्रेसरची 7-8 बारची हवा थेट मारू नका, चांगला डायफ्रामही फाटेल. डायफ्रामखालचं व्हेंटचं, म्हणजे बाहेरच्या हवेला उघडणारं भोक चिखलाने बंद असेल तर डायफ्राम नीट दबत नाही. त्या भोकातून डिझेल ठिबकत असेल तर आतलं सील गेलंय.

आता महाबळेश्वरचं. व्हेंटमुळे डायफ्रामच्या खाली बाहेरची हवा असते, म्हणून एलडीएला फक्त फरक कळतो. उंचीवर हवा विरळ झालीय हे त्याला कळतच नाही. साधारण 1,350 मीटरला बाहेरचं प्रेशर 0.86 बार असतं. बूस्ट भरलेला असताना हवा 8 टक्क्यांच्या आसपास कमी पडते, पण बूस्ट येण्याआधी तीच तूट 14-15 टक्के होते, आणि तुमचा धूर नेमका तिथेच आहे. लेहला, 3,500 मीटरवर, बाहेरचं प्रेशर 0.65 बारच्या आसपास उरतं. उंची ओळखायला हवा काढून सीलबंद केलेली कॅप्सूल लागते. ती काही बिनटर्बोच्या पंपांवर असते, एलडीएत नसते.

डबा उघडताना झाकणाचे चार स्क्रू काढायच्या आधी डायफ्रामच्या थाळीवर आणि बॉडीवर समोरासमोर खूण करा. पिनचा उतार सगळीकडून सारखा नसतो, त्यामुळे थाळी फिरली की डिझेलचं माप बदलतं. निमुळती पिन बाहेर असताना स्टार्टर मारू नका, लिव्हर सुटा पडून पंप जास्तीत जास्त डिझेल देईल. परत बसवताना आडवी पिन पुढे आलेली असते, ती बारीक स्क्रूड्रायव्हरने मागे ढकलून धरा. स्प्रिंगखालचं दातेरी चाक वर आलं की स्प्रिंग आवळते आणि डिझेल उशिरा वाढतं. झाकणावरचा स्क्रू बूस्टच्या आधीचं डिझेल ठरवतो.

तुमच्या बाबतीत मागचा फुल लोड स्क्रू पूर्वीच्या जागी न्या, खूण नसेल तर पंप तपासायच्या टेस्ट बेंचवर माप घ्या. मग डायफ्राम आणि होज ठीक करा. तरी ताकद कमी वाटली तर फुल लोड स्क्रू एका वेळी 1/8 फेरा, त्याहून जास्त नाही. तो आत गेला की आयडलही (पाय न देता इंजिन फिरतं तो वेग) चढतो, म्हणून दर वेळी आयडल पुन्हा बसवायचं आणि लॉकनट आवळून मगच घाटात जायचं.