पायाच्या जखमेवरचं जेल

प्रश्न : मधुमेहामुळे आईच्या पायाला झालेल्या जखमेवर डॉक्टरांनी ग्रोथ फॅक्टरचं जेल दिलंय. असं औषध त्वचेला चालतं, हे कसं तपासतात?

उत्तर : मी पॅथॉलॉजिस्ट, त्यामुळे स्लाइडवरून सांगते. अशा चाचण्यांत बऱ्याचदा मिनिपिग (छोट्या जातीचं डुक्कर) वापरतात. त्याची कातडी माणसासारखीच विरळ केसांची. जेल लावलेल्या जागेचा तुकडा घेऊन ४-५ मायक्रॉनचे काप काढतात, गुलाबी-जांभळे रंगवतात. वरचा थर जाडावलाय का? रक्तवाहिन्यांभोवती पांढऱ्या पेशी जमल्यात का, म्हणजे सूज आहे का? तुलनेला औषधाविना नुसतं जेल लावलेली जागा हवीच. (केस काढताना वस्तरा लागला तरी सूज येते आणि आळ औषधावर!) ग्रोथ फॅक्टर पेशी वाढवतो, म्हणून अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळालेलं बेकाप्लर्मिन जेल कॅन्सरच्या गाठीवर लावायला मनाई आहे. आईंच्या जखमेची कड उंचावत असेल, तर ती कॅन्सरची गाठ नाही ना, यासाठी डॉक्टरांना आधी बायोप्सीचं विचारा.