सांगलीच्या कॉलेजातल्या कीटकशास्त्राच्या सरांचा एच-इंडेक्स 9 आहे. पीएचडीसाठी मार्गदर्शक म्हणून कमी पडेल का?

नाही, नुसत्या 9 या आकड्यावरून सरांना नाकारू नका. त्याचा अर्थ एवढाच की त्यांच्या किमान 9 शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान 9 वेळा संदर्भ घेतला गेलाय. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्राध्यापकांचे हेच आकडे काढून देते, आणि कीटकशास्त्रात ते फार फसवे निघतात. नव्या प्रजातीचं वर्णन केलं, तर पुढचे अभ्यासक तिचं नाव वापरतात. मूळ निबंध मात्र संदर्भयादीत बहुधा येतच नाही. पिकांवरच्या किडींचंही तसंच. 2002 मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा पसरला, पानांची खालची बाजू कापूस पिंजून टाकल्यासारखी पांढरी झाली. तेव्हा हा मावा फस्त करणाऱ्या डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांवर झालेलं काम थेट शेतकऱ्याच्या उपयोगी पडलं. असा उपयोग एच-इंडेक्समध्ये मोजलाच जात नाही! म्हणून सरांचे अलीकडचे चार-पाच निबंध स्वतः वाचा, त्यांत विद्यार्थ्यांची नावं पहिली आहेत का तेही बघा. फक्त हा 9 गूगल स्कॉलर आणि स्कोपस या शोधनिबंध व त्यांचे संदर्भ नोंदवणाऱ्या ऑनलाइन सूचींपैकी कुठला, ते आधी तपासा. स्कॉलर प्रबंध आणि परिषदांतले लेखही धरतो, त्यामुळे तिथला आकडा सहसा मोठा दिसतो. गेल्या पाच-सहा वर्षांत काहीच छापलेलं नसेल, तर मात्र दुसरे मार्गदर्शक शोधा.