श्टुटगार्टला येताना मुलांच्या शिक्षणाचा विचार

सप्रेम नमस्कार.

श्टुटगार्टजवळच्या कंपनीत आपल्याला नोकरी मिळाली आहे, ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या निवासपरवान्यावर, सहकुटुंब येण्याचे ठरत आहे, मुलीची यंदा दहावी झाली, मुलगा सातवीत आहे आणि आपल्या पत्नी बी.एस्सी. नर्सिंग करून पुण्यात नोकरी करतात, असे आपण कळवले आहे. मुलीची बारावी आजी-आजोबांजवळ राहून पुण्यातच होऊ द्यावी आणि मग तिला इथल्या विद्यापीठात घालावे का, हा आपला मुख्य प्रश्न आहे. माझे मत स्पष्ट आहे: तिला आत्ताच बरोबर आणावे.

पहिले कारण कायद्याचे आहे. आई-वडिलांच्या आधाराने मिळणारा कौटुंबिक व्हिसा अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी मागावा लागतो. बारावीचा निकाल हाती येईपर्यंत ही मुदत बहुधा टळलेली असते आणि मग मुलीला स्वतंत्र विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो. त्यासाठी एपीएसकडून, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे पडताळणाऱ्या जर्मन कार्यालयाकडून, कागदपत्रे तपासून घ्यावी लागतात आणि वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. शिवाय नुसत्या बारावीवर बहुतेक वेळा थेट प्रवेश मिळत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावी लागते, किंवा भारतात पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करावे लागते, नाहीतर इथल्या श्टुडिएनकोलेगमध्ये, म्हणजे विद्यापीठपूर्व तयारीच्या संस्थेत, साधारण वर्षभर शिकून पात्रता परीक्षा द्यावी लागते. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत शिक्षण फुकट असते असे आपण ऐकले असेल आणि ते बव्हंशी खरेही आहे, पण श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे ते त्याला अपवाद आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो शुल्क भरावे लागते. ज्यांनी आबिटुअर, म्हणजे विद्यापीठप्रवेशाची शालान्त परीक्षा, जर्मनीत दिली आहे त्यांना हे शुल्क लागत नाही, आणि वैद्यकीयसारख्या मोजक्या जागांच्या शाखांसाठीही त्यांचा अर्ज जर्मन मुलांच्या अर्जांबरोबरच विचारात घेतला जातो.

आता अडचणीची बाजू. दहावीनंतर येणाऱ्या मुलांना इथे सर्वांत जास्त कष्ट पडतात, कारण अकरावीचे गणित आणि भौतिकशास्त्र त्यांना समजत असते, मात्र शिक्षकांचे वाक्य समजत नसते. या वयाच्या मुलांना सहसा व्यवसायशाळेतल्या फाबो नावाच्या भाषावर्गात घालतात आणि पहिले वर्ष जवळजवळ पूर्णपणे जर्मन शिकण्यात जाते. त्यानंतरचा जो मार्ग मला आपल्या मुलीसाठी सर्वांत योग्य वाटतो तो बेरुफ्लिशेस गिम्नाझिउमचा, म्हणजे व्यवसायाभिमुख उच्च माध्यमिक शाळेचा. तीन वर्षांच्या या शाळेत तंत्रज्ञान, अर्थशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा समाज व आरोग्य असा एक मुख्य विषय असतो आणि शेवटी पूर्ण आबिटुअर मिळते. तिथे प्रवेश हवा तर भारतातली दहावी इथल्या मिटलेरे राइफेच्या, म्हणजे दहावीअखेरच्या शालान्त प्रमाणपत्राच्या, बरोबरीची ठरायला हवी, म्हणून तिच्या गुणपत्रिकेच्या मूल्यांकनाचा अर्ज आल्याबरोबर करून टाका. या मार्गाने ती विद्यापीठात पोहोचेल तेव्हा तिच्या पुण्यातल्या मैत्रिणी पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असतील. मुलगी मागे पडली असे नातेवाईक म्हणतील, तेव्हा आपण तिच्या पाठीशी उभे राहावे. विसाव्या-एकविसाव्या वर्षी पदवी सुरू करणारी मुले इथे सर्रास दिसतात.

आउसबिल्डुंगविषयी, म्हणजे काम करता करता घेण्याच्या व्यवसायशिक्षणाविषयी, आपण एका ओळीत "ते आमच्यासाठी नाही" असे लिहिले आहे. आपण याचा पुन्हा विचार करावा अशी माझी मनापासून विनंती आहे. महाराष्ट्रात मार्क कमी पडले की मुलगा आयटीआयला जातो अशी समजूत आहे आणि त्याच नजरेने आपले लोक आउसबिल्डुंगकडे पाहतात. इथे कारखान्यात, बँकेत, प्रयोगशाळेत किंवा दवाखान्यात काम शिकत असतानाच आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जायचे असते, काही ठिकाणी सलग काही आठवडे. तीनशेहून अधिक मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत, मुदत दोन ते साडेतीन वर्षे असते आणि पगार पहिल्या महिन्यापासून मिळतो. २०२५ मध्ये सुरू झालेल्या बहुतेक करारांसाठी पहिल्या वर्षीचे कायदेशीर किमान वेतन महिन्याला ६८२ युरो होते, आणि धातू व वाहन उद्योगात ते याहून बरेच जास्त असते. आमच्या शेजारच्या मराठी मुलाने मेकाट्रोनिकरचे, म्हणजे यंत्रे आणि त्यांची विद्युत यंत्रणा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचे, शिक्षण घेतले, तेव्हा त्याची नोंदवही मी पाहिली आहे. त्या आठवड्यात कोणता भाग कापला, कोणते वायरिंग तपासले आणि शाळेत काय झाले, हे सारे त्यात स्वतःच्या शब्दांत लिहायचे आणि खाली प्रशिक्षकाची सही घ्यायची. या नोंदी पूर्ण नसतील तर अंतिम परीक्षेला बसू देत नाहीत. त्या वहीने त्याचे जर्मन जितके सुधारले तितके कोणत्याही क्लासने सुधारले नसते, असे मला वाटते. पुढची दारेही बंद होत नाहीत: माइस्टर, म्हणजे आउसबिल्डुंगनंतरची वरची व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण, झालेल्या व्यक्तीला २००९ पासून आबिटुअर नसतानाही विद्यापीठात प्रवेश घेता येतो.

मुलीला अभियांत्रिकीच करायची असेल तर दुआले होखशूले, म्हणजे डीएचबीडब्ल्यू, जरूर पाहा. तीन महिने वर्ग आणि तीन महिने कंपनी अशी तीन वर्षांची ही पदवी असते आणि पूर्ण काळ पगार चालू राहतो. मात्र आधी कंपनीशी करार व्हावा लागतो, आणि मोठ्या कंपन्यांच्या जागा वर्षभर आधीच भरू लागतात. आउसबिल्डुंगचेही तसेच आहे.

जागा मिळवून देतो म्हणून लाखो रुपये मागणाऱ्या एजंटांपासून दूर राहा. दुहेरी आउसबिल्डुंगमध्ये कंपनी प्रशिक्षणार्थ्याला पैसे देते, त्याच्याकडून घेत नाही. आणि खरा करार उद्योग किंवा कारागीर चेंबरकडे नोंदवलेला असतो.

मुलाची फारशी काळजी नको. बाराव्या-तेराव्या वर्षी भाषा लवकर येते. त्याला पहिल्याच वर्षी गिम्नाझिउममध्ये, म्हणजे थेट आबिटुअरकडे नेणाऱ्या शाळेत, घालण्याचा हट्ट मात्र धरू नका. रेआलशूलेतून, म्हणजे दहावीपर्यंतच्या माध्यमिक शाळेतून, दहावीनंतर तोही बेरुफ्लिशेस गिम्नाझिउमकडे वळू शकतो.

आपल्या पत्नींना ब्लू कार्डधारकाची जोडीदार म्हणून पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा असेल, परंतु परिचारिका म्हणून काम करण्यासाठी पदवीची मान्यता आणि साधारणपणे बी-२ पातळीचे जर्मन लागते. आपल्या भागात ही मान्यता रेगिरुंग्सप्रेसिडिउम श्टुटगार्ट हे सरकारी विभागीय कार्यालय देते. अभ्यासक्रमात तफावत निघाली तर पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा यांपैकी एक निवडता येते. त्यासाठी प्रत्येक विषयाचे आणि वॉर्डातल्या प्रात्यक्षिकाचे तास दाखवणारे पत्र महाविद्यालयाकडून, आणि कामाचा अनुभव दाखवणारे पत्र रुग्णालयाकडून, निघण्यापूर्वीच घ्यावे. इथून पत्रव्यवहार करून ते मिळवण्यात महिने जातात. तिघांचेही जर्मन आत्ताच सुरू करा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्समुल्लर भवन दोन्ही आहेत. इथली शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते, तेव्हा जुलैअखेर पोहोचता आले तर पत्त्याची नोंदणी आणि शाळाप्रवेश दोन्ही वेळेत होतील.