पाव इंच कमी पडलं तर

तुमच्या पत्रातली हकिकत थोडक्यात अशी. ह्यूस्टनला राहता, ग्रीन कार्ड आहे. शेजारच्या आजोबांनी घर विकताना त्यांची जुनी बारा बोअरची पंप शॉटगन तुम्हाला देऊन टाकली. नळीचं तोंड करवतीने कापून कानशीने घासल्यासारखं दिसतं आणि त्यावर स्क्रूने आवळलेला ब्रेक, म्हणजे धक्का कमी करणारा तोंडावरचा तुकडा, आहे. ब्रेकसकट नळी पावणेएकोणीस इंच भरते, ब्रेक पुढे इंचभर येतो. पुढच्या महिन्यात नोकरीसाठी न्यू जर्सीतल्या एडिसनला निघालात. कायद्याच्या १८ इंचांना पाव इंच कमी पडलं तर काय बिघडतं, असं विचारता.

बरंच बिघडतं.

मोजलंत तुम्ही बरोबर: बंदूक रिकामी, बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) बंद, तोंडातून काठी आत बोल्टला टेकेपर्यंत, मग तोंडाशी खूण. फक्त खूण ब्रेकच्या टोकाशी केलीत. स्क्रू सोडला की निघणारा तुकडा नळीत धरत नाहीत. वेल्डिंग किंवा उच्च तापमानाचं चांदीचं डाखकाम करून, नाहीतर पिन ठोकून तिच्या डोक्यावर वेल्ड मारून कायमचा बसवला असेल तरच तो मोजतात. म्हणजे तुमची नळी पावणेअठरा इंच. फेडरल कायद्याची किमान मर्यादा १८ इंच. शॉटगनमध्ये फेरफार केला असेल तर एकूण लांबीही २६ इंच लागते. ती तुम्ही मोजलेली दिसत नाही, पण नळीतच अडकलो आहोत.

हा कायदा १९३४चा, टोळीयुद्धांच्या काळातला. नळी कापलेल्या शॉटगनवरूनच १९३९ साली मिलर खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. केंद्र सरकारकडे न नोंदवलेली अशी आखूड बंदूक नुसती जवळ बाळगणं हा दहा वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. कापली कोणी, हा प्रश्न इथे येतच नाही.

‘आता तर कर शून्य झाला, नोंदवून टाकतो,’ असंही तुम्ही लिहिता. १ जानेवारी २०२६ पासून अशा बंदुकीवरचा दोनशे डॉलरचा कर शून्य झाला हे खरं. नोंदणी मात्र राहिली, आणि ती नळी कापण्याआधी परवानगी घेऊन करायची असते. आधीच कापलेली, हातात आलेली बंदूक तुम्हाला मागाहून नोंदवता येत नाही. बहुतेक लोक इथेच फसतात.

टेक्सासमध्ये रीतसर नोंदलेली आखूड शॉटगन चालते. न्यू जर्सीत सर्वसामान्य माणसाला ती केंद्राकडे नोंदलेली असली तरी चालत नाही. तिसऱ्या श्रेणीचा गुन्हा, तीन ते पाच वर्षं. ‘प्रवासात बंदूक नेताना फेडरल कायद्याचं संरक्षण असतं’ हे मित्राचं म्हणणं निघतात तिथे आणि पोचतात तिथे, दोन्हीकडे बंदूक कायदेशीर असेल तरच खरं. तुमच्या बाबतीत दोन्ही टोकांना ती नाही.

मला तुरुंगापेक्षा तुमच्या ग्रीन कार्डाची जास्त काळजी आहे. शस्त्राच्या गुन्ह्यात दोष सिद्ध झाला तर ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येतं, मग शिक्षा किती का कमी असेना. आणि एच-१बीवरचे तुमचे मेहुणे ही बंदूक हाताळतात, ते आजपासून बंद. त्या व्हिसावर, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर कुठलीच बंदूक बाळगता येत नाही.

आणखी एक. अशा खटल्यात बंदुकीला कायद्याच्या कक्षेत आणणारं वैशिष्ट्य आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारला सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४च्या स्टेपल्स निकालाने ते पक्कं केलं. मोजण्यापूर्वी तुमच्याकडे ‘मला कल्पना नव्हती’ हे खरं उत्तर होतं. आता नाही.

म्हणून ती गाडीत घालू नका, विकू नका, कुणाला देऊ नका, दुरुस्तीला टाकू नका. एटीएफला, म्हणजे शस्त्रकायदा राबवणाऱ्या फेडरल खात्याला, स्वतः फोन करू नका. याच आठवड्यात ह्यूस्टनमधला शस्त्रकायदा जाणणारा फौजदारी वकील गाठा. बंदूक तुमच्या वतीने जमा करायची, की नळी बदलून भागतं, हे तो ठरवेल. त्याच्याशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं. मला पाठवलेलं हे पत्र मात्र राहत नाही, तेव्हा यापुढचं सगळं त्यालाच सांगा. खूण केलेली काठी टाकून देऊ नका, तीही त्याला दाखवा.