बुडबुडा फुटताना नजर खाली ठेव

पाण्यावर तरंगणारा बुडबुडा फुटताना कॅमेऱ्यात टिपायचा, तर नवीन माणूस त्याच्या वरच्या पातळ पडद्याकडेच बघत बसतो. मीही कित्येक दिवस तेच केलं. पडदा महत्त्वाचा आहेच. तो 1 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असेल, तर साध्या पाण्याच्या पडद्यात फुटताना पडलेल्या भोकाची कड सेकंदाला सुमारे 12 मीटर वेगाने मागे सरते. जाडी चौपट झाली की वेग निम्मा. पण खरी गंमत त्यानंतर आहे. पडदा गेला की वाटीसारखी पोकळी उरते. पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आक्रसून घेणारी ओढ, ती सपाट करायला धावतो, कडेवरून बारीक लाटा खाली उतरतात, तळाशी एका बिंदूत भिडतात आणि तिथून पाण्याची धार सरळ वर उसळते. तिच्या टोकाचा पहिला थेंब साधारण बुडबुड्याच्या एक दशांश आकाराचा असतो. समुद्रावरच्या हवेत मीठ पोचतं त्यात या थेंबांचा मोठा वाटा आहे!

तू 1-2 मिलिमीटरचे बुडबुडे घे, सेंटिमीटरभर नकोत. सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं, तेव्हा कॅमेऱ्याला सेकंदाला हजारो फ्रेम लागतील. प्रकाश मागून दे. आणि भांडं स्वतः धू, पुन्हा पुन्हा धू. साबणाचा किंवा बोटाच्या तेलाचा अंश राहिला, तरी बुडबुडा जास्त टिकतो आणि दिवसभराची मोजमापं वाया जातात.