एक लाखात विनाइलवर डीजेइंग शिकायचं आहे, काय घेऊ?

तुम्ही विचारलंय: "मी नाशिकला असतो. दोन वर्षं लॅपटॉप आणि कंट्रोलरवर वाजवतोय, पण सगळं सिंकच्या बटणावर, म्हणजे दोन गाण्यांचा वेग लॅपटॉपच जुळवतो. आता विनाइलवर, म्हणजे रेकॉर्डवर शिकायचंय. एक लाखात दोन टर्नटेबल आणि मिक्सर बसेल का? एकच टर्नटेबल घेऊन भागेल का? आणि शिकवणारं कुणी नसेल तर जमेल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण सामान काय घ्यायचं हे त्यावरच ठरतं. शिकवणारं कुणी नसलं तरी जमतं. मलाही कुणी समोर बसवून शिकवलं नाही. पण मग सामान असं हवं की चूक झाली तर ती हाताची की यंत्राची हे लगेच कळावं. समोर गुरू असला तर तो सांगतो, हात चुकला. एकट्याने शिकताना ते सांगायला कुणी नसतं, आणि टर्नटेबलचीच लय डळमळत असेल तर माणूस महिनोन्‌महिने स्वतःच्या कानाला दोष देत बसतो.

माझं पहिलं वर्ष असंच गेलं. पैसे कमी होते म्हणून मी बेल्टवर चालणारे दोन स्वस्त टर्नटेबल घेतले, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचे. रेकॉर्ड हाताने धरली की खाली बेल्ट घसरायचा, सोडली की पुन्हा वेग घ्यायला वेळ लागायचा, आणि तो वेळ दर खेपेला वेगळा. सात वर्षं तबला शिकलेली मी, आणि दोन गाणी वीस सेकंद एकत्र चालवता येईनात. खूप रडले त्या काळात. मग एका मैत्रिणीच्या घरी डायरेक्ट ड्राइव्ह मशीनवर हात ठेवला, आणि त्याच संध्याकाळी दोन रेकॉर्ड पूर्ण मिनिटभर एका लयीत चालल्या. कान आदल्या दिवशीचाच होता.

म्हणून माझं स्पष्ट मत: दोन मध्यम टर्नटेबलांपेक्षा आत्ता एकच चांगला टर्नटेबल आणि एक मिक्सर (दोन गाण्यांचे आवाज मिसळणारं यंत्र) घ्या. दुसरा, त्याच मॉडेलचा, पैसे साठले की घ्या. दोन टर्नटेबलांशिवाय विनाइल डीजेइंग शिकताच येत नाही असं बरेच जण सांगतील, आणि ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याच्यासाठी ते खरंही आहे. पण तुमच्याकडे कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपमधली गाणी हाताळायचं यंत्र, आहे. मिक्सरच्या एका चॅनलला टर्नटेबल लावा, दुसऱ्या चॅनलच्या लाइन इनपुटला कंट्रोलरचं आउटपुट. लॅपटॉपवरचं गाणं ठरलेल्या वेगाने चालतं, तसूभर हलत नाही. म्हणजे लय सुटली तर ती तुमच्या हातून सुटली. एकट्याने शिकणाऱ्याला याहून प्रामाणिक जोडीदार मिळणार नाही.

डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे, रेकॉर्ड जिच्यावर ठेवतात त्या तबकडीच्या थेट खाली मोटर, मधे बेल्ट नाही. जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाखाली 1970 मध्ये असा पहिला टर्नटेबल बाजारात आणला, आणि 1972 मध्ये एसएल-1200. ते मशीन घरात बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी होतं. डीजेंनी ते आपलंसं केलं, कारण मोटर दणकट होती आणि रेकॉर्ड हाताने थोपवली तरी खालची तबकडी फिरत राहायची. 1979 च्या एमके2 मॉडेलमध्ये वेग अधिक-उणे 8 टक्के बदलणारी सरकपट्टी, म्हणजे पिचची पट्टी, आली, आणि आजही बहुतेक डीजे टर्नटेबलांची मांडणी त्याच चेहऱ्याची असते. 2010 मध्ये कंपनीने हे उत्पादन बंद केलं, 2016 मध्ये पुन्हा सुरू केलं आणि 2019 मध्ये डीजेंसाठी एमके7 आणलं.

नवे दोन टेक्निक्स तुमच्या एक लाखात बसणार नाहीत. जुना एमके2 चांगल्या अवस्थेत मिळाला तर डोळे झाकून घ्या असं म्हणणार नाही, डोळे उघडे ठेवून घ्या. तबकडी फिरवून तिच्या कडेचे ठिपके लाल दिव्यात पाहा. पिच शून्यावर असताना शून्याच्या ओळीतले ठिपके जागच्या जागी थांबलेले दिसले पाहिजेत. टोनआर्म (सुई धरणारा हात) दोन बोटांत हलकेच धरून मागेपुढे करा, बिजागरी सैल झाल्यासारखं लागलं तर सोडून द्या. पिचची पट्टी हळूहळू सरकवा, वेग मधेच उडी मारत असेल तर आत धूळ बसलीय किंवा पट्टी झिजलीय. मागच्या वायरी ओढून पाहा, अर्थिंगची बारीक तार शाबूत आहे का बघा. सुईजवळचा छोटा दिवा गेलेला असेल तर काळजी नको. आणि मागच्या बाजूला व्होल्टेज वाचल्याशिवाय पैसे देऊ नका: जपानी बाजारातलं मशीन 100 व्होल्टचं असतं, अमेरिकेतलं 120 चं. आपल्या 230 वर थेट लावलं तर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. अशा मशीनला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

कुरिअरने मागवणार असाल तर विकणाऱ्याला आधी सांगा: तबकडी काढून वेगळी गुंडाळायची, टोनआर्मचं वजन आणि हेडशेल (सुई जिथे बसते तो पुढचा भाग) काढायचं, आर्म बांधून टाकायचा. माझं एक मशीन तबकडी जागेवर ठेवूनच पाठवलं गेलं. अकरा-बारा किलोचा तो खोका वाटेत कुठेतरी आपटला आणि मधला दांडा वाकून आला. पैसे परत मिळाले नाहीत.

नव्यात घ्यायचं तर पायोनियरचा पीएलएक्स-1000 किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एलपी140 या तोडीचं काही बघा. ऑडिओ-टेक्निकाच्याच एलपी120 ची मोटर त्यापेक्षा कमी ताकदीची आहे. त्यावर शिकता येतं, पण हात हलका ठेवावा लागतो. त्यात प्रीअँप, म्हणजे सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग, आतच असतो, म्हणून मिक्सरच्या फोनो इनपुटला लावताना मागचं बटण फोनोवर ठेवायला विसरू नका, नाहीतर आवाज फाटेल.

मिक्सर दोन चॅनलचा पुरे. फक्त त्याला खरं फोनो इनपुट आणि अर्थिंगचा स्क्रू हवा. सुईतून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, आणि रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी व वरचे सूर जास्त केलेले असतात. फोनो इनपुट तो सिग्नल वाढवतं आणि स्वरांचा तोल परत आणतं. लाइनला लावलं तर आवाज डबक्यातून आल्यासारखा, पातळ येतो. घूं-घूं असा आवाज आला तर अर्थिंगची तार स्क्रूला लावा. तरीही राहिला तर घरातल्या तीन पिन सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत बऱ्याचदा नसतं. क्रॉसफेडर (एका चॅनलवरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी) किती भारी आहे याकडे सध्या बघू नका, तो स्क्रॅचिंग, म्हणजे रेकॉर्ड मागेपुढे घासून आवाज काढणाऱ्यांसाठी महत्त्वाचा.

सुईवर मात्र कंजुषी नको. जुन्या मशीनबरोबर आलेली सुई किती झिजलीय हे डोळ्यांना दिसत नाही, आणि झिजलेली सुई रेकॉर्ड खरवडते. ऑर्टोफॉनची काँकॉर्ड मालिका सहज बसते, वेगळं हेडशेल लागत नाही. काँकॉर्ड मिक्सला 3 ग्रॅम दाब सांगितलाय, तेवढाच द्या. सुई उडते म्हणून वजन वाढवत नेणं ही फार वाईट सवय आहे. शुअर कंपनीने 2018 मध्ये कार्ट्रिज (सुई ज्यात बसवलेली असते तो भाग) बनवणं थांबवलं, त्यामुळे 'नवीन शुअर' म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या सुयांपासून लांब राहा. रबरी चटई काढून फेल्टची स्लिपमॅट घाला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने फेल्टला स्टार्च मारून स्वतःची चटई बनवली होती, ती हीच कल्पना: हाताखाली रेकॉर्ड थांबावी आणि तबकडी फिरत राहावी.

टेबल स्वयंपाकघराच्या ओट्याच्या उंचीचं हवं, वाकून वाजवलं तर तासाभरात पाठ भरून येते. टर्नटेबलखाली कडप्प्याचा तुकडा आणि त्याखाली रबराचे तुकडे ठेवा. फरशीच्या दुकानात ओट्यातून उरलेला तुकडा मिळतो. स्पीकरचा खर्ज टेबलातून सुईपर्यंत पोचला की घुमायला लागतो, ते या दगडाने बरंच थांबतं.

आता शिकण्याचं. पहिला महिना एकच गाणं घ्या, जे तुमच्याकडे रेकॉर्डवरही आहे आणि लॅपटॉपवरही. लॅपटॉपवर मूळ वेगात सुरू करा, सिंकला हात लावू नका. हेडफोन एका कानावर, दुसरा कान खोलीसाठी मोकळा. रेकॉर्डवर पहिला ठोका शोधा, बोटाने मागेपुढे करून तो नेमका कुठे आहे ते हाताला कळू द्या, मग रेकॉर्ड धरून ठेवा. खाली तबकडी फिरतेय. लॅपटॉपवरची सम आली की सोडा. नुसती सोडायची नाही, हलकासा ढकलून सोडायची, म्हणजे ती वेगात निघते. सुरुवातीला शंभर वेळा फक्त एवढंच करा.

दोन्ही अगदी एकावर एक बसली की आवाजात विमान डोक्यावरून गेल्यासारखी एक सरकती लहर ऐकू येते. ती आली म्हणजे तुम्ही एका ठोक्याच्या बारीक अंशात आहात. ती ऐकण्यासाठी मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसलेय. दुसरा टर्नटेबल आला की हाच अभ्यास एकाच रेकॉर्डच्या दोन प्रतींवर करा. ही कला काही अंशी तिथूनच निघालीय: 11 ऑगस्ट 1973 ला ब्राँक्समधल्या 1520 सेजविक अव्हेन्यूच्या इमारतीत पार्टी करणारा डीजे कूल हर्क पुढे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून ढोलाचा तेवढाच तुकडा लांबवत नेऊ लागला.

मग वेगळं गाणं. इथे पिचची पट्टी येते, आणि इथेच खरं कष्टाचं काम आहे. दोन तबलजी एकच ठेका वाजवतायत आणि एक किंचित पुढे पळतोय, असं ऐकू येईल. कोण पळतोय हे पहिले काही आठवडे अजिबात कळत नाही. अंदाज करा, रेकॉर्डच्या मधल्या दांड्याला चिमटीत धरून किंचित पुढे फिरवा. जास्त बिघडलं तर अंदाज उलटा होता, मग तबकडीच्या कडेला बोट लावून मागे खेचा. बोटाने ठोका जागेवर येतो, वेग बदलत नाही. म्हणून लगेच पट्टीनेही वेग थोडा त्याच दिशेने बदला, पुढे ढकललं असेल तर वाढवा, मागे खेचलं असेल तर कमी करा, नाहीतर अर्ध्या मिनिटात पुन्हा सुटेल. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बहुतेक लोक फक्त बोटावर खेळत राहतात. लॅपटॉपच्या पडद्यावर गाण्याच्या ठोक्यांच्या लहरी दिसतात, त्या झाका, म्हणजे डोळ्यांनी जुळवता येणार नाही. मी वर्तमानपत्र चिकटवायला सांगते.

तबला किंवा ढोलकीशी थोडी ओळख असेल तर एक गोष्ट सोपी जाईल. हाउस आणि टेक्नो या नृत्यसंगीताची गाणी साधारण 32 ठोक्यांच्या भागांत रचलेली असतात, म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं. नवं गाणं 32 च्या समेवर सोडलं तर दोन्ही गाण्यांतले बदल एकत्र येतात. ठोका जुळला पण सम चुकली तर ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, तरी खटकतंच. आणखी एक: रेकॉर्डचा वेग वाढला की सूरही चढतो. साधारण 6 टक्के वाढवलं की काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. म्हणून मी शक्यतो 3-4 टक्क्यांच्या आतच राहते.

कुठल्या रेकॉर्ड घ्यायच्या? सुरुवातीला ड्रम मशीनवर केलेली बारा इंची सिंगल्स. बारा इंची सिंगल्स 1976 पासून बाजारात येऊ लागली. एका बाजूला एक-दोनच गाणी, चर रुंद, त्यामुळे आवाज मोठा आणि खर्ज भरदार. जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांच्या एलपी मला जिवापाड आवडतात, पण शिकण्यासाठी त्या कठीण. जिवंत वादकांची लय गाण्यात श्वासासारखी मागेपुढे होते, शिवाय एका बाजूला पाच-सहा गाणी कोंबल्याने चर अरुंद असते. सहा महिन्यांनी त्यांच्याकडे या. तेव्हा त्या वादकांच्या मागे बोटाने धावणं हाच आनंद असतो. आणि मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डना डीजेची सुई लावू नका, त्यांची चर वेगळी असते. अल्कोहोलनेही त्या पुसू नका, त्या विरघळतात.

जी गाणी रेकॉर्डवर कधी आलीच नाहीत त्यांच्यासाठी टाइमकोड रेकॉर्ड असते: हात रेकॉर्डवर, गाणं लॅपटॉपमधलं. चांगली सोय आहे, पण ती दुसऱ्या टर्नटेबलच्या वेळी बघा.

पुण्याला येणं झालं तर बुधवारी किंवा रविवारी या आणि जुन्या बाजारात चक्कर मारा. मोबाइलचा टॉर्च लावून रेकॉर्ड तिरकी धरा. बारीक केसासारख्या रेषा चालतात, नखाला लागणारा ओरखडा नको. कव्हरवर पावसाळ्यातली बुरशी असेल तर कव्हर तिथेच सोडा आणि रेकॉर्ड घरी नेऊन डिस्टिल्ड वॉटरने, लेबल कोरडं ठेवून, चरीच्या दिशेने पुसा. सुई लावायची ती त्यानंतरच.