जेलमधल्या भावाला खरूज झालीये, जेलच्या तपासणीची वाट बघत बसू नका

ताई, भाऊ सहा महिने जेलमध्ये अंडरट्रायल, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचाय, अंगभर खरूज, रात्री आळीपाळीने झोपतात, आणि तुम्ही विचारताय जेल तपासायला कोणी येतं की नाही. अशी पत्रं मला सारखी येतात. आर्थर रोड काय नि ठाणे काय, जागेपेक्षा माणसं जास्त, ते मी परत उगाळत नाही.

तपासणी होते. जज येतात, फुकट वकील देणाऱ्या सरकारी विधी सेवा प्राधिकरणाचे वकील येतात, 1979 च्या सुनील बत्रा निकालात सुप्रीम कोर्टाने जजांच्या भेटी आणि तक्रारपेटीचं सांगितलंय, तो खटलाही कैद्याच्या पत्रावरूनच उभा राहिला. पण त्या दिवशी भाऊ बोलेल का, बोलला तर पुढे काय होईल, याची खात्री मी देत नाही.

तुमचं खरं अडलंय ते कागदावर. सहा महिने भावाच्या भेटीला (मुलाखतीला) जाऊन तुम्ही गेटवर तोंडी सांगत राहिलात, कोर्टाच्या रोजनाम्यात, म्हणजे दर तारखेच्या नोंदीत, मात्र एक ओळ नाही. तारखेला भाऊ व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) दिसतो, एवढ्याशा चौकटीत, बोटांच्या बेचक्यातले फोड जजसाहेबांना दिसणार कसे? आणि वकील गेल्या तीन तारखांना आलेच नाहीत हे तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलंत! अहो, पहिल्याच तारखेला बोलायचं होतं हे.

पुढच्या तारखेला लेखी अर्ज द्या, आरोपीला प्रत्यक्ष हजर करा आणि जेलमध्ये दाखल होतानाची मेडिकल नोंद मागवा, अशी कोर्टाला विनंती करा. कैदी आत येताना डॉक्टरने तपासून तब्येत, अंगावरच्या खुणा रजिस्टरात लिहायच्या, हे 1894 च्या प्रिझन्स ॲक्टपासून चालत आलंय. त्या नोंदीत कातडी साफ असेल तर खरूज आत लागली असं म्हणायला आधार मिळतो, मग ‘आधीपासून होती’ म्हणणं अवघड जातं. वकील येत नसतील तर प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

खरजेवर जामीन मिळेल अशी आशा धरू नका, जेल बदलून मिळेल का तेही सांगता येत नाही. जेजे हॉस्पिटलला न्यायचा हुकूम झाला तर त्यात तारीख घालून घ्या, नाहीतर सोबत न्यायला पोलीस पार्टी मिळाली नाही म्हणून आठवडे जातात. आणि औषध एकट्या भावासाठी मागू नका, शेजारी झोपणाऱ्यांनाही द्या, चादरी-कपडे गरम पाण्यात धुवा असंच अर्जात लिहा, नाहीतर पंधरा दिवसांत परत तेच.